२^१२७ − १ : हातानं सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या

शून्यमुद्रा

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

वरची ३९ अंकी संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही तिला नि:शेष भाग जात नाही. १८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं हे सिद्ध केलं. तेव्हा संगणक नव्हता, आणि ल्युकानं आकडेमोडीचं कुठलं यंत्रही वापरलं नाही. पुढची ७५ वर्षं, म्हणजे १९५१ पर्यंत, माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती. यंत्राशिवाय सिद्ध झालेल्या मूळ संख्यांमध्ये आजही हीच पहिल्या क्रमांकावर आहे.

लिहायला सोपी: २ चा १२७ वा घात, वजा १. (धाग्यात ^ हे चिन्ह घातासाठी वापरतोय.) २^प − १ अशा रूपाच्या मूळ संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात, मारँ मेर्सेन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून. ३, ७, ३१, १२७, ८१९१ अशी ही रांग आहे आणि आपली संख्या त्यातली बारावी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ सापडली तेव्हा '४ कोटी १० लाख अंकी संख्या' अशा बातम्या सगळीकडे आल्या. अंक किती यावर सगळ्यांची नजर गेली. एवढी मोठी संख्या मूळ आहे हे कळतं कसं, हा खरा गाभा, तो मात्र बहुतेक बातम्यांत आलाच नाही. तो समजून घ्यायला ही ३९ अंकी संख्या सर्वांत चांगली, कारण इथे एका माणसानं ते काम स्वतःच्या हातानं केलं आहे. आणि ते करताना त्यानं या संख्येला एकदाही एखादा अवयव शोधण्यासाठी भागून पाहिलेलं नाही. माझ्या मते गणितातल्या अतिशय सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे.

प्रश्न विचारा, मला जमेल तसं सविस्तर लिहीन.

निवांत_वाचक

मस्त विषय. पहिलाच प्रश्न. भागून न पाहता मूळ आहे हे कसं कळणार? शाळेत आम्हाला वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा असंच शिकवलं होतं.

शून्यमुद्रा

ती रीत बरोबरच आहे, पण या संख्येपुढे ती टिकत नाही. हिचं वर्गमूळ साधारण १३ वर १८ शून्यं एवढं आहे. मेर्सेन संख्यांच्या बाबतीत एक सवलत मिळते. २^प − १ चा कुठलाही मूळ अवयव २ × क × प + १ याच रूपाचा असतो, आणि त्याला ८ नं भागलं की बाकी १ किंवा ७ च येते. म्हणजे आपल्याला फक्त २५४क + १ या रूपाच्या संख्या तपासायच्या, त्यातल्याही निम्म्या. तरीही सुमारे २६ वर १५ शून्यं इतके भागाकार उरतात. मिनिटाला एक भागाकार, झोप नाही, सुट्टी नाही असा हिशोब धरला तरी पाच हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे.

कोयनाकाठ

छान सुरुवात. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. इथे एक मुद्दा आधीच स्पष्ट व्हावा, कारण मुलं इथेच अडखळतात. प मूळ असला म्हणजे २^प − १ मूळ असेलच असं नाही. पहिलंच उदाहरण ११ चं. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. वर सांगितलेलं अवयवांचं रूपही इथे दिसतं: २३ = २२ + १ आणि ८९ = ८८ + १.

उलट बाजू मात्र पक्की आहे. प संयुक्त असेल तर २^प − १ संयुक्तच. २^६३ − १ ला ७ नं भाग जातो, कारण ६३ ला ३ नं भाग जातो आणि २^३ − १ = ७.

बाइटभर

२^६३ − १ पाहून राहवलं नाही. संगणकात ६४ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल किंमत तीच, आणि १२८ बिटांच्या पूर्णांकाची कमाल किंमत म्हणजे या धाग्यातली संख्या. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर सलग १२७ वेळा १. रोज कोड लिहिताना ही कमाल किंमत दिसते, ती मूळ आहे हे मात्र आज कळलं.

३२ बिटांची कमाल किंमत २^३१ − १ = २१४७४८३६४७ हीसुद्धा मूळच ना?

शून्यमुद्रा

होय. ती ऑयलरनं १७७२ मध्ये सिद्ध केली, आणि तीही हातानंच. पण ऑयलरला भागाकारच करावे लागले. वर्गमूळ सुमारे ४६,३४१ आणि अवयवांवरच्या अटी लावल्या की शंभराच्या आत भागाकार उरतात, त्यामुळे ते शक्य झालं. ३१ वरून १२७ वर जाताना ती वाट बंद होते. ल्युकाचं मोठेपण असं की त्यानं निराळीच वाट काढली.

ती परीक्षा आज ज्या रूपात वापरतात (डेरिक लेमरनं १९३० मध्ये ती सुटसुटीत केली, म्हणून ल्युका-लेमर परीक्षा) ती इतकीच आहे:

४ पासून सुरुवात करा. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा, आणि २^प − १ नं भागून फक्त बाकी ठेवा. हे प − २ वेळा करा. शेवटी बाकी शून्य आली तर २^प − १ मूळ, नाही तर संयुक्त.

प = ७ साठी, म्हणजे १२७ ही संख्या तपासू. पाच पायऱ्या:

४
४² − २ = १४
१४² − २ = १९४, बाकी ६७
६७² − २ = ४४८७, बाकी ४२
४२² − २ = १७६२, बाकी १११
१११² − २ = १२३१९ = १२७ × ९७, बाकी ०

शून्य आलं, म्हणून १२७ मूळ.

आता सरांचं २०४७ घ्या. नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणजे संयुक्त. यात २३ किंवा ८९ कुठेही आले नाहीत. अवयव न सापडताच संख्या फुटते हे कळलं.

पाढेपाठ

मी अकरावीत आहे. दादा, १२७ ची उदाहरणं कॅल्क्युलेटरवर करून पाहिली, जुळली. पण खऱ्या संख्येसाठी १२५ पायऱ्या, आणि दर पायरीला ३९ अंकी संख्येचा वर्ग, म्हणजे ७७-७८ अंकी संख्या, आणि तिला परत ३९ अंकी संख्येनं भागायचं. हे हातानं कसं शक्य आहे? भागाकारातच आयुष्य जाईल.

शून्यमुद्रा

अगदी नेमका प्रश्न विचारलास. इथेच या संख्येचं रूप कामाला येतं. २^प − १ नं भागायला भागाकार करावाच लागत नाही, नुसती बेरीज पुरते.

वरचंच ४४८७ घे. १२७ च्या ऐवजी १२८ नं भाग: ४४८७ = ३५ × १२८ + ७. आता भागाकार आणि बाकी यांची बेरीज कर, ३५ + ७ = ४२. हीच १२७ नं भागल्यावरची बाकी. कारण १२८ मध्ये १२७ एकदा जाऊन १ उरतो, म्हणून ३५ × १२८ मधले ३५ तेवढे शिल्लक राहतात. ९ नं भागताना अंकांची बेरीज करतो त्यामागेही हेच कारण आहे, १० मधून ९ गेले की १ उरतो.

१७६२ = १३ × १२८ + ९८, म्हणून १३ + ९८ = १११. आणि शेवटचं १२३१९ = ९६ × १२८ + ३१, म्हणून ९६ + ३१ = १२७, म्हणजेच शून्य.

द्विमान पद्धतीत १२८ नं भागणं म्हणजे शेवटचे सात अंक कापून वेगळे काढणं. २^१२७ − १ साठी खालचे १२७ अंक एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची बेरीज. भागाकार संपला.

ल्युकानं यासाठी १२७ × १२७ घरांच्या पटाची रीत मांडली. बुद्धिबळाचा पट असतो तसाच, फक्त मोठा. घरात सोंगटी असली तर १, नसली तर ०. संख्येचा वर्ग करायचा म्हणजे तीच रांग एकेक घर सरकवत खाली खाली मांडायची, जिथे गुणकाचा अंक ० आहे ती रांग रिकामी. सरकताना जी सोंगटी उजव्या टोकाबाहेर जाईल ती डाव्या टोकाला परत आणून ठेवायची. या परत आणण्यातच २^१२७ − १ नं भागून बाकी काढण्याचं काम होऊन जातं! मग प्रत्येक स्तंभातल्या दोन सोंगट्या उचलून त्यांच्या बदल्यात पुढच्या स्तंभात एक ठेवायची. असं करत शेवटी एकच रांग उरते, ती झाली पुढची बाकी. अशा १२५ फेऱ्या.

कोयनाकाठ

हा पट सात घरांचा करून वर्गात खेळवता येईल. चिंचोके घेऊन मुलं सहज करतील. धन्यवाद, पुढच्या आठवड्याची सोय झाली.

चांदणवेल

वाचतेय. ल्युका हे नाव हनोईच्या मनोऱ्यामुळे ओळखीचं वाटलं. तोच का हा?

शून्यमुद्रा

तोच, ताई. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचं ते कोडं त्यानं १८८३ मध्ये काढलं. त्याबरोबर पसरलेल्या दंतकथेत काशीच्या देवळात ६४ सोन्याच्या चकत्या हलवणारे पुजारी आहेत, पण ती कथा पॅरिसमध्ये रचलेली आहे. गणिताचा धागा मात्र सरळ आहे. न चकत्या हलवायला कमीत कमी २^न − १ चाली लागतात. ७ चकत्यांना १२७ चाली, आणि १२७ चकत्या घेतल्या तर चालींची संख्या म्हणजे आपली ३९ अंकी संख्या. ल्युकाच्या गंभीर संशोधनात आणि त्याच्या कोड्यांत एकच रूप पुन्हा पुन्हा दिसतं.

माणूस १८४२ मध्ये आमियाँला जन्मला, फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी होता, नंतर आयुष्यभर शाळांमध्ये शिकवलं. १८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून बश्या पडल्या, एका फुटलेल्या तुकड्यानं ल्युकाचा गाल कापला, जखम चिघळली आणि काही दिवसांत तो गेला. वय ४९.

अनुष्टुभ

२^न आलं म्हणून लिहितो. न अक्षरांच्या वृत्तांत लघु-गुरूच्या किती मांडण्या होतात, या प्रश्नाचं उत्तर २^न, आणि पिंगलाच्या छंदःसूत्रात ही मोजणी आहे. मात्रावृत्तांच्या मोजणीतून १, २, ३, ५, ८, १३ ही रांग येते, ती विरहांक आणि नंतर बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी दिली. जगभर तिला फिबोनाचीचं नाव आहे, आणि ते नाव रूढ करण्यात ल्युकाचाच वाटा मोठा. त्याच्या परीक्षेत या रांगेचा काही संबंध येतो का?

शून्यमुद्रा

फार जवळचा. मूळ परीक्षा त्याच रांगेतून आली. तिची बहीण म्हणावी अशी १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७... ही रांग आहे, मागच्या दोन पदांची बेरीज म्हणजे पुढचं पद. हिला ल्युका संख्या म्हणतात. हिच्यातलं दुसरं, चौथं, आठवं पद पाहा: ३, ७, ४७. आता ३² − २ = ७, ७² − २ = ४७. म्हणजे 'वर्ग करा, २ वजा करा' ही पायरी या रांगेत दुप्पट उडी मारते. प ला ४ नं भागून ३ उरत असेल तर ४ ऐवजी ३ पासून सुरुवात केली तरी परीक्षा चालते, आणि १२७ ला ४ नं भागून ३ च उरतात. ल्युकाला ३ पुरलं ते म्हणूनच. छोट्या उदाहरणात: ३, ७, ४७, ४८, १६, ०. पुन्हा १२७ मूळ!

निवांत_वाचक

आकडेमोड कळली. पण शून्य आलं म्हणजे मूळ, हे का? नुसती कृती सांगितली तर माझं समाधान होत नाही.

शून्यमुद्रा

व्हायलाही नको. सिद्धता दहावी-बारावीच्या गणितात बसेल अशी आहे, सावकाश वाचा.

२ + √३ आणि २ − √३ ही जोडी घ्या. गुणाकार १, बेरीज ४. आपले ४ इथले. दोघांचे वर्ग करून बेरीज केली तर ती येते (बेरजेचा वर्ग) − २ × (गुणाकार), म्हणजे ४² − २ = १४. पुन्हा वर्ग केले तर १४² − २. म्हणजे 'वर्ग करा, २ वजा करा' करताना आपण आत कुठेतरी २ + √३ चा घात दर वेळी दुप्पट करत असतो: १, २, ४, ८, असा.

२^प − १ ला म म्हणू. प − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, म्हणजे (२ + √३) आणि (२ − √३) यांच्या २^(प−२) व्या घातांची बेरीज म च्या हिशोबात शून्य. तिला पहिल्या पदानं गुणलं की कळतं, (२ + √३) चा २^(प−१) वा घात म्हणजे −१. आणखी एकदा वर्ग केला की १. तर २ + √३ ला स्वतःशी गुणत गेलं की २^प वेळा गुणल्यावरच १ पहिल्यांदा येतो. त्याआधी येऊच शकत नाही, कारण निम्म्या वाटेवर −१ होता.

आता समजा, म संयुक्त आहे. तिचा सर्वांत लहान मूळ अवयव ग. मग ग² हा म पेक्षा मोठा असू शकत नाही. सगळा हिशोब ग नं भागून उरणाऱ्या बाक्यांत करू. क + ख√३ या रूपाच्या वेगवेगळ्या संख्या तिथे फक्त ग² आहेत, शून्य वगळलं तर ग² − १. आणि २ + √३ चे २^प वेगवेगळे घात त्यातच बसायला हवेत. पण ग² − १ ही २^प पेक्षा लहान आहे! जागाच नाही. म्हणून ग अस्तित्वात नाही, आणि म मूळ आहे.

म मूळ असेल तर शून्य येतंच, ही उलट बाजू वर्गशेषांच्या व्यस्तता नियमावरून निघते. ती इथे सोडतो.

निवांत_वाचक

दोनदा वाचलं. 'जागाच नाही' इथे लख्ख कळलं. वाचनखूण साठवली.

कोयनाकाठ

अवयव न सापडता संयुक्त ठरण्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २^६७ − १. मेर्सेननं १६४४ मध्ये यादी दिली होती: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७ या घातांना मूळ संख्या मिळतात, २५७ पर्यंत बाकी कशालाच नाही. १८७६ मध्ये ल्युकानं दाखवलं की ६७ चुकीचा आहे. पण अवयव काय ते कोणालाच माहीत नव्हतं. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले, एका बाजूला २^६७ − १ ची किंमत काढली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार केला. दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभेनं टाळ्या वाजवल्या.

मेर्सेनच्या यादीत २५७ सुद्धा चुकीचा निघाला आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. ६१ चा शोध १८८३ मध्ये पर्वुशिन या रशियन धर्मगुरूनं लावला, ८९ आणि १०७ चा पॉवर्सनं १९११ आणि १९१४ मध्ये. तरी १२७ मेर्सेनचा बरोबर आला, हे मला कायम नवल वाटतं. त्यानं तो काढला कसा असेल?

शून्यमुद्रा

सर, यादीतले घात पाहिले तर ते २ च्या घातांच्या अगदी लगत आहेत: ८ − १, १६ ± ३, १६ + १, ३२ − १, ६४ + ३, १२८ − १, २५६ + १. त्याच्या मनात असा काही नमुना असावा असं वाटतं, पण त्यानं कारण लिहून ठेवलेलं नाही.

गंमत अशी की हा नमुना अगदीच वाया गेला नाही. १९८९ मध्ये बेटमन, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी एक नवं अनुमान मांडलं. विषम प साठी तीन गोष्टी पाहायच्या: प हा २ च्या घाताला १ नं किंवा ४ च्या घाताला ३ नं लगत आहे का, २^प − १ मूळ आहे का, आणि (२^प + १) ÷ ३ मूळ आहे का. यातल्या कोणत्याही दोन खऱ्या असतील तर तिसरीही खरी असते, असं त्यांचं म्हणणं. सिद्धता अजून नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या असणारे माहीत घात आहेत ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१ आणि १२७. यात सर्वांत मोठा आपला १२७. त्यामुळे (२^१२७ + १) ÷ ३ = ५६७१३७२७८२०१५६४१०५७७२२९१०१२३८६२८०३५२४३ हीसुद्धा मूळ संख्या आहे.

पाढेपाठ

मी हिच्या शेजारच्या संख्या पाहिल्या. शेवटी ७२७ आहे. २ वजा केले तर शेवटी ५ येतो, म्हणजे ५ नं भाग जातो. २ मिळवले तर अंकांची बेरीज १५४ ची १५६ होते, म्हणजे ३ नं भाग जातो. तर हिला जुळी मूळ संख्या नाही, बरोबर?

शून्यमुद्रा

बरोबर. आणि २ मिळवून ३ नं भागलंस की वर दिलेलीच संख्या येते.

आणखी एक करून पाहा. हिच्यातून १ वजा कर. २^१२७ − २ ला १२७ नं भाग जातो, फर्माच्या प्रमेयामुळे. भागाकार करून खात्री कर.

अनुष्टुभ

परिपूर्ण संख्या राहिली. युक्लिडनं दाखवलंय की २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प−१) नं गुणून परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच. ४ × ७ = २८ = १ + २ + ४ + ७ + १४. या हिशोबानं २^१२६ × (२^१२७ − १) ही ७७ अंकी संख्या परिपूर्ण.

आपल्याकडच्या मोजणीत सांगायचं तर लीलावतीतली नावं परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांपाशी थांबतात. ल्युकाची संख्या म्हणजे परार्ध गुणिले परार्ध, असे १७,०१४ वेळा आणि वर थोडं.

बाइटभर

उपयोगाबद्दल थोडं. बाकी काढायला नुसती बेरीज पुरते, हा गुण संगणकालाही तितकाच प्रिय आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी फोरक्यू नावाचा लंबवर्तुळी वक्र मांडला, सांकेतिक सह्या आणि किल्ल्यांच्या देवाणघेवाणीसाठी. त्यातलं सगळं अंकगणित २^१२७ − १ वर चालतं. १२८ बिटांत नेमकी मावते आणि भागाकार टळतो, म्हणून तो फार वेगवान आहे. ल्युकाच्या पटावर टोकाबाहेरची सोंगटी परत आणतात, तेच इथे प्रोसेसर करतो.

चांदणवेल

७५ वर्षांनी विक्रम मोडला तो कसा?

बाइटभर

१९५१ मध्ये दोनदा मोडला. फेरिए यांनी आकडेमोडीच्या टेबलावरच्या यंत्रानं (२^१४८ + १) ÷ १७ ही ४४ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी संख्या काढली, आणि ती होती १८० × (२^१२७ − १)² + १. म्हणजे नवा विक्रम जुन्या विक्रमाच्याच खांद्यावर उभा होता. जानेवारी १९५२ मध्ये रॉबिन्सन यांच्या प्रोग्रामनं स्वॅक संगणकावर २^५२१ − १ आणि २^६०७ − १ एकाच दिवशी दिल्या, ल्युकाचीच परीक्षा वापरून.

२०२४ च्या विक्रमातही तीच. ल्यूक ड्युरंट यांनी ग्राफिक्स प्रोसेसरांचं मोठं जाळं लावलं. डब्लिनमधल्या एका प्रोसेसरनं ती संख्या बहुधा मूळ असल्याचं सांगितलं आणि टेक्सासातल्या दुसऱ्यानं ल्युका-लेमर परीक्षेनं ते पक्कं केलं. ४ पासून सुरुवात, वर्ग, वजा २, आणि असं १३ कोटी ६२ लाखांहून अधिक वेळा.

निवांत_वाचक

कानपूरच्या आयआयटीतली परीक्षाही मूळ संख्यांचीच होती ना? ती इथे का नाही वापरत?

शून्यमुद्रा

होय, २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांची. तिचं महत्त्व फार मोठं आहे. कुठल्याही रूपाची संख्या असो, कुठलंही अनुमान गृहीत न धरता, अंकांच्या संख्येच्या बहुपदीइतक्या पायऱ्यांत मूळ की संयुक्त याचा खात्रीचा निकाल देणारी ती पहिली रीत. पण ती सगळ्या संख्यांसाठी असल्यामुळे प्रत्यक्षात सावकाश चालते. ल्युकाची परीक्षा फक्त मेर्सेन संख्यांना लागू पडते, आणि म्हणूनच इतकी वेगवान आहे.

एक न सुटलेला प्रश्न सांगतो. २^२ − १ = ३, २^३ − १ = ७, २^७ − १ = १२७, आणि १२७ घातला की आपली संख्या. सगळ्या मूळ. १८७६ मध्येच कातालान या गणितज्ञानं या साखळीकडे लक्ष वेधलं. पुढची कडी म्हणजे २ चा (२^१२७ − १) वा घात, वजा १. तिचे अंकच सुमारे ५१ वर ३६ शून्यं इतके. ल्युकाची परीक्षा इथे निरुपयोगी, कारण पायऱ्याच १७ वर ३७ शून्यं इतक्या होतात. एखादा छोटा अवयव सापडला तरच काही कळेल, आणि जिथवर शोधलंय तिथवर सापडलेला नाही. नुसत्या नमुन्यावर विसंबता येत नाही, कारण ८१९१ मूळ असूनही २^८१९१ − १ संयुक्त आहे. व्हीलर यांनी १९५३ मध्ये ते दाखवलं.

पाढेपाठ

८१९१ मी वहीत केलं! बेरजेची रीत वापरून, ८१९२ नं भागून. ११ पायऱ्या: ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. शेवटून दुसरी बाकी नेमकी १२८ आली, म्हणजे २^७. वरच्या उदाहरणात १६ आली होती, तीही २ चा घात. हा योगायोग आहे का?

शून्यमुद्रा

वा! योगायोग नाही. शेवटी शून्य यायचं म्हणजे आधीच्या बाकीचा वर्ग २ यायला हवा. आणि २^प म्हणजे १, म्हणून २^(प+१) म्हणजे २. तर ती बाकी २^((प+१)÷२) किंवा तिची ऋण संख्या, याखेरीज दुसरी असूच शकत नाही. प = १३ ला २^७ = १२८. प = ७ ला २^४ = १६, किंवा १२७ − १६ = १११. धाग्यातल्या दोन्ही उदाहरणांत हे दोन्ही आकडे आलेत.

१२७ साठी ती बाकी २^६४ किंवा तिची ऋण संख्या. ल्युकाच्या पटावर याचा अर्थ असा की शेवटून दुसऱ्या बाकीच्या रांगेत १२७ घरांपैकी एकाच घरात सोंगटी असणार, नाही तर एकच घर रिकामं राहून बाकी सगळी भरलेली असणार. १११ द्विमान पद्धतीत लिहून पाहा: ११०११११.

कोयनाकाठ

हे तर मुलांना तपासणीसाठी देता येईल. शनिवारी प = १७ देतो, १३१०७१ साठी. १५ पायऱ्या आहेत, दोघादोघांत वाटून करतील.

शून्यमुद्रा

जरूर द्या, सर. चौदाव्या पायरीला ५१२ किंवा १३०५५९ आलं पाहिजे. तिसरं काही आलं तर मागे कुठेतरी बेरीज चुकली आहे.